हादग्याचे दप्तर

सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो आणि मुलींचा हादगा बसतो. हत्तीचे चित्र भिंतीवर लावून त्याला फळाफुलांच्या माळा घालावयाच्या, किंवा अंगणात पाट मांडून त्यावर हत्ती रेखावयाचा आणि त्याच्याभोवती हात धरून फेर धरावयाचा, ही ह्या खेळाची सर्वसाधारण रीत. कोठे त्याला हादगा म्हणतात, कोठे भोंडला. विदर्भ-खानदेशातील भुलाबाई ही त्याचीच सख्खी बहीण. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत करीत सोळाव्या दिवशी सोळा गाणी होत, आणि खिरापतीही त्याच हिशेबाने वाढत जात. झाकलेल्या डब्यात कोणती खिरापत आहे ती ओळखावयाची, ह्या कार्यक्रमात मुलींना गाण्यांहूनही अधिक गोडी असे. बहिणीच्या मागे मागे हिंडून मीही त्या डब्यांवर पुष्कळ तर्क लढविले आहेत.

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी बंगळूर शहरात आहे. ह्या शहराला मराठी नवी नाही. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर येथे होती आणि त्यानंतरच्या काळात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही येथे आहेत. नवरात्रात आमच्या शेजारच्या कन्नड घरांत पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्यांची आरास होते. तिला येथे 'गोंबे हब्ब' म्हणतात. आरासाच्या मुख्य पायरीवर राजा आणि राणी अशी लाकडी बाहुल्यांची जोडी असते, आणि ही जोडी मुलीला लग्नात माहेराहून देण्याची चाल आहे. ज्या वयात बाहुलीशी खेळावयाचे त्याच वयात सासरी जावयाचे, अशा काळाची ही आठवण तर नसेल, असे ती जोडी पाहून दरवेळी माझ्या मनात येते. त्याच दिवसांत आमच्या वसाहतीतील मराठी मंडळी खालच्या मोकळ्या जागेत भोंडला करतात. आजचे निवेदन ह्या भोंडल्याविषयीच आहे, आणि त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करावी लागेल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळींनी असे ठरविले की, येथे वाढलेल्या मुलींना गाणी पाठ येत नाहीत, तेव्हा निवडक सोळा गाण्यांची एक पुस्तिका छापून वाटावी. मसुदे तयार करणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याकडे हे काम यावे हे स्वाभाविकच होते. मी गाणी जमविली आणि मंडळींपुढे ठेवली. मग एकेक हरकत निघू लागली. एका गाण्यात सुनेला मार बसतो. तो लहान मुलींच्या तोंडी कसा द्यावयाचा? दुसऱ्यात सासू म्हणजे साक्षात कैदाशीण. आमच्या येथील सासवा काही तशा नाहीत, आणि त्यांतील चौघी तर फेरातच उभ्या राहणार! तिसऱ्या गाण्यात वेडसर नवऱ्याची थट्टा आहे; तीही आजच्या काळाला शोभत नाही. ज्याला हल्ली पोलिटिकल करेक्टनेस म्हणतात आणि ज्याला आपण मराठीत शब्दांचे सोवळे म्हणू शकू, त्याचाच हा एक प्रकार होता. हरकती सद्हेतूनेच घेतलेल्या होत्या, आणि मला त्या त्या वेळी पटल्याही. मी लेखणी घेतली आणि दुरुस्त्या केल्या. रुसून बसलेल्या सुनेचे एक प्रसिद्ध गाणे आहे. घरातील एकेक माणूस एकेक दागिना घेऊन तिची समजूत घालावयास जातो; ती उठत नाही. अखेरीस नवरा जातो. काही घरांत हा नवरा मंगळसूत्र घेऊन जातो आणि काही घरांत लाल चाबूक. आमच्या घरच्या पाठात चाबूकच होता. मी तो काढला आणि त्याच्या जागी नवी साडी घातली. मात्रा बरोबर बसल्या, ह्याचे मला समाधानही वाटले.

त्या वर्षी माझी आई कऱ्हाडहून आमच्याकडे आली होती. ती फेरात उभी राहिली, पुस्तिका न पाहताच गाऊ लागली, आणि ह्या गाण्यापाशी इतरांचा आणि तिचा शब्द निराळा पडला. ती थांबली. रात्री जेवणे झाल्यावर तिने मला एवढेच विचारले, "तुझ्या आजीचा चाबूक कुठे रे ठेवलास?"

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मला पुन्हा इतिहासाकडे वळावे लागले. विद्यार्थिदशेत एम. ए.साठी मी हाच विषय घेतला होता. परंतु आपल्याच घरातील कागद वाचावयाचा राहून गेला होता.

हादग्याची गाणी जुनी आहेत, पण किती जुनी हे त्यांच्या भाषेवरून सांगणे कठीण. ती तोंडोतोंडी बदलत आलेली आहेत. तथापि ज्या मुलींनी ती गाइली त्यांची स्थिती आपल्याला कागदोपत्री चांगली ठाऊक आहे. १८६० च्या दंडसंहितेने पत्नीशी शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा १० वर्षे ठेवली होती. ती १२ वर नेण्याचे विधेयक १८९१ साली आले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळकांनी त्याला कसा कडवा विरोध केला, हे सर्वश्रुत आहे. त्याआधी १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी ह्या गृहस्थाने आपली पत्नी रखमाबाई हिने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून फिर्याद केली होती. लग्नाच्या वेळी रखमाबाई ११ वर्षांच्या होत्या आणि त्या कधीही त्याच्या घरी नांदल्या नव्हत्या. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपील झाले, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या.

ज्या शहरात बसून मी हे लिहीत आहे त्याच्या दप्तरातही ह्या विषयाचे एक महत्त्वाचे पान आहे. म्हैसूर संस्थानाचा कारभार बंगळुराहून चाले. दिवाण शेषाद्री अय्यर ह्यांच्या काळात, १८९४ साली, संस्थानाने बालविवाह प्रतिबंधक नियम केला: आठ वर्षांखालील मुलीचे लग्न लावू नये, आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करू नये. आज हा नियम वाचताना आपल्याला त्याचे धैर्य दिसत नाही, भयानकताच तेवढी दिसते. आठ वर्षांची मर्यादा घालावी लागली, ह्याचा अर्थ त्याखालील लग्ने होत होती. आणि पन्नाशीचा उल्लेख करावा लागला, ह्याचाही अर्थ तोच. कायद्याचा इतिहास अशा उलट्या बाजूनेच वाचावयाचा असतो. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०४ साली मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १६ वर्षांची मर्यादा घातली. ब्रिटिश हिंदुस्थानात हरविलास सारडा ह्यांचे विधेयक सप्टेंबर १९२९ च्या अखेरीस, म्हणजे ऐन हादग्याच्या दिवसांत, मंजूर झाले. मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही मर्यादा १ एप्रिल १९३० पासून लागू झाली, आणि त्यापूर्वीच लग्ने उरकून घेण्यासाठी देशभर एकच घाई उडाली. पुढे १९४९ साली मुलीचे वय १५ झाले, आणि १८ होण्यास १९७८ साल उजाडावे लागले.

आता माझ्या आजीचा हिशेब सांगतो. कऱ्हाड हा सातारा जिल्ह्यातील, म्हणजे ब्रिटिश मुलखातील गाव. सारडा कायदा तेथे लागू होता. आजीचा जन्म १९२७ चा, आणि लग्न १९३९ चे. कायदा होऊन दहा वर्षे लोटली होती आणि तिचे वय बारा होते. तिच्या लग्नाविषयी कोणी तक्रार केली नाही, खटला झाला नाही, शिक्षा झाली नाही. कायद्याने लग्न लावणारे गुन्हेगार ठरत असले तरी लग्न मात्र रद्द होत नव्हते. म्हणजे सरकारी दप्तर पाहाल तर कऱ्हाडातील ह्या घरात काहीच घडले नाही. जे घडले ते एकाच ठिकाणी नोंदलेले होते, आणि ती नोंद मी साडी घालून पुसून टाकली होती.

हे म्हणणे अतिशयोक्त वाटेल म्हणून थोडे स्पष्ट करतो. कारल्याच्या वेलाचे गाणे आपणांपैकी बहुतेकांनी ऐकले असेल. सून माहेरी जावयाची परवानगी मागते. सासू सांगते, आधी कारल्याचे बी लाव. बी लावले, मग वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग त्याची भाजी कर. सगळे झाल्यावर तिला दुसऱ्याकडे पाठविले जाते, दुसरा तिसऱ्याकडे पाठवितो. ह्या गाण्याचे शेवट निरनिराळ्या घरांत निरनिराळे आहेत. कोठे तिची वेणी घालून तिला माहेरी पाठवतात, कोठे तिच्या पाठीत काठी बसते. सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला ह्या गाण्यातील कार्यपद्धती ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही. अर्ज नाकारावयाचा नाही. केवळ त्यावर नवी नवी पूर्तता मागावयाची आणि मग तो दुसऱ्या मेजावर धाडावयाचा. अधिकार नसलेल्या माणसाला अधिकार असलेली माणसे कशी थकवितात, ह्याचे इतके नेमके वर्णन मला कोणत्याही समितीच्या अहवालात आढळलेले नाही. आणि ते अशा व्यक्तीने केलेले आहे, जिला लिहिता येत नव्हते आणि जिचे वय दहा-बारा वर्षांचे होते.

रमाबाई रानडे ह्यांच्या लग्नाच्या वेळी, १८७३ साली, त्या ११ वर्षांच्या होत्या. शिकल्या म्हणून घरातील बायकांनी त्यांना जो छळ दिला तो त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवला. परंतु रमाबाई लिहू शकत होत्या. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्या सहस्रावधी मुलींना ओवी होती, जाते होते, आणि वर्षाचे सोळा दिवस फेर होता. माझ्या आजीचे एक वाक्य आईने मला त्या रात्री सांगितले. म्हातारपणी आजी धान्य निवडता निवडता हेच गाणे गुणगुणत असे. आईने एकदा विचारले, असले गाणे तुम्ही लहानपणी हसत कसे गात होता? आजी म्हणाली, "आम्हांला तोंड नव्हतं, फेराला होतं."

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहावयास हवे, हेही मी सांगितले पाहिजे. ही साक्ष एकतर्फी आहे. गाण्यांतील सासू बोलते, परंतु तिची बाजू कोणीच मांडीत नाही. तीही कधी काळी आठ-दहा वर्षांची मुलगी होती, तिनेही हाच फेर धरला होता, हे गाण्यात कोठेही येत नाही. आजीचे वाक्य सांगून झाल्यावर आई थोडी थांबली आणि म्हणाली, "पण लग्नानंतरच्या पहिल्या हादग्याला त्यांनी मलाही माहेरी पाठवलं नाही." हे १९७६ साल. चाबूक राहिला नव्हता, पण कारल्याचा वेल मात्र अद्याप वाढतच होता. असे असूनही साक्ष एकतर्फी आहे म्हणून साक्षीदाराच्या तोंडी आपण नवे शब्द घालू शकत नाही. उलटतपासणी करावी, दुसरा पुरावा शोधावा, पण जबानी बदलू नये, हे कोणत्याही न्यायालयाचे पहिले तत्त्व आहे.

बालगीते आणि बालकथा सोवळ्यात घेण्याचा हा उद्योग केवळ आपलाच नाही, आणि आजचाही नाही. अमेरिकेत 'पीटर पार्ले' ह्या टोपणनावाने मुलांसाठी शेकडो बोधपर पुस्तके लिहिणारे सॅम्युएल गुडरिच हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकात जुन्या इंग्रजी बालगीतांचे कट्टर वैरी होते. ही गीते निरर्थक आणि हानिकारक आहेत, असली कोणीही करील, हे दाखविण्यासाठी त्यांनी १८४६ साली उपहासाने एक निरर्थक कडवे रचले. काळाने त्यांची अशी काही थट्टा केली की, त्यांची बोधपर पुस्तके कपाटात राहिली आणि ते कडवे मात्र बालगीत म्हणून मुलांच्या तोंडी बसले. १९५२ साली इंग्लंडात जेफ्री हँडली-टेलर ह्यांनी दोनशे परंपरागत बालगीते तपासून त्यांपैकी सुमारे निम्म्यांत खून, छळ, चोरी, अपंगांची थट्टा असे काही ना काही आहे, अशी मोजदादच प्रसिद्ध केली. एक वर्ष आधी, १९५१ साली, आयोना आणि पीटर ओपी ह्या दांपत्याचा बालगीतांचा ऑक्सफर्ड कोश प्रसिद्ध झाला होता. एकीकडे दोषांची यादी आणि दुसरीकडे पाठांतरांचा, कालखंडांचा, आधारांचा संग्रह. ह्यांपैकी कोणता ग्रंथ आज अभ्यासक उघडतात, हे सांगावयास नको.

परंतु ह्याहून बोलका दाखला जर्मनीचा आहे. ग्रिम बंधूंनी आपल्या लोककथांचा पहिला खंड १८१२ साली काढला. त्यात हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी स्त्री ही तिची सख्खी आई आहे, आणि हान्सेल आणि ग्रेटेल ह्या भावंडांना दुष्काळात रानात सोडून देण्याचा बेत करणारी स्त्रीही त्यांची सख्खी आईच आहे. पुस्तक लहान मुलांच्या हाती जाऊ लागले तसे हे वाचकांना आणि स्वतः विल्हेल्म ग्रिमलाही सहन होईना. १८१९ च्या आवृत्तीत हिमगौरीची आई सावत्र झाली आणि १८४० च्या आवृत्तीत त्या भावंडांचीही. मातृत्वाची अब्रू राखली गेली. परंतु तिची किंमत कोणी दिली? एक तर जगातील सावत्र आयांनी, ज्यांचे नाव तेव्हापासून मुलांच्या मनात अधिकच काळे झाले. आणि दुसरी किंमत सत्याने दिली. भुकेने गांजलेली सख्खी आईसुद्धा पोटच्या पोरांना टाकून देऊ शकते, दुष्काळ म्हणजे काय तर हे, ही जी एक दारुण गोष्ट त्या कथेत साठविलेली होती, ती निघून गेली आणि उरली ती एका दुष्ट बाईची गोष्ट. दुष्काळ सुटला आणि बाई सापडली. मी चाबकाच्या जागी साडी घातली तेव्हा नेमके हेच केले. चाबूक गाण्यात होता तोवर ती सून का रुसली आणि का उठली ह्याचा अर्थ लागत होता. साडीने ती उठते, तेव्हा ती केवळ हट्टी आणि लोभी ठरते. घरातील सर्वांचे दागिने नाकारून साडीसाठी उठणारी बाई! माझ्या दुरुस्तीने नवऱ्याचा चाबूक वाचला आणि बदनामी आजीची झाली.

ह्यावर कोणी म्हणेल, गाणी तर नेहमीच बदलत आली आहेत. मंगळसूत्राचा पाठही कोणीतरी केव्हातरी केलाच असेल. मग तुम्ही केलेला बदल तेवढा वाईट का? प्रश्न रास्त आहे. लोकगीत म्हणजे शिलालेख नव्हे. दोन गावांचे पाठ एक नसतात आणि दोन घरांचेही नसतात. परंतु पूर्वी एका घराने चाबूक काढला तरी शेजारच्या घरात तो राहत असे. हजार तोंडे होती, म्हणून हजार पाठ होते. आता आमच्या वसाहतीत पुस्तिका एकच आहे. मुलींना जे काही येणार ते तिच्यातूनच. छापलेला एकच पाठ उरतो तेव्हा दुरुस्ती ही दुरुस्ती राहत नाही, तो निकाल होतो. आणि त्यावर अपील करावयास शेजारचे घर उरत नाही.

सुदैवाने महाराष्ट्रात हे ओळखणारी माणसे झाली. साने गुरुजींनी घरोघरच्या बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्री जीवन' सिद्ध केले. डॉ. सरोजिनी बाबर ह्यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीचे काम वर्षानुवर्षे वाहून गावोगावची गाणी छापून आणली. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ ह्यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक हजाराहून अधिक खेड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ह्या संग्राहकांना प्रत्येक ओवी पटली असेल असे नव्हे. त्यांनी ती ऐकली तशी लिहून घेतली, एवढेच. एवढेच करावयास फार मोठा संयम लागतो, हे आता मला स्वानुभवाने सांगता येईल.

तरीसुद्धा आमच्या मंडळींची एक हरकत अशी होती की, तिला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. भोंडल्याचा शेवट बहुधा वेडसर नवऱ्याच्या गाण्याने होतो. तो लाडवांना चेंडू समजतो, झोपलेल्या बायकोला मेलेली समजतो, आणि मुली खदखदून हसतात. ह्या गाण्याचेही मूळ मला समजते. ज्या मुलाला कधी पाहिले नाही त्याच्याशी जन्माची गाठ बांधलेली. त्याचे नावसुद्धा घेण्याची चोरी. आणि तो खरोखरच वेडा निघाला तरी सुटका नाही. मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती वाट प्रथम उघडली. तोवर त्याला वेडा म्हणावयास फेराखेरीज दुसरी जागा नव्हती. हे सगळे खरे. परंतु आमच्या वसाहतीत एक चौदा वर्षांचा मुलगा आहे. त्याची समज पाच वर्षांच्या मुलाइतकी आहे. तो दरवर्षी भोंडला पाहावयास कट्ट्यावर येऊन बसतो आणि सर्वांबरोबर टाळ्या वाजवितो. हरकत त्याच्या आईने घेतली होती. ती फार बोलली नाही. "सगळ्या हसतात तेव्हा तोही हसतो," एवढेच म्हणाली.

जुन्या काळच्या मुलीची साक्ष मोलाची खरी. पण तिच्यासाठी आजच्या मुलाला दरवर्षी हसणाऱ्यांच्या वर्तुळासमोर बसवावे, असे मी म्हणू शकत नाही. ज्या शहरात निम्हान्ससारखी संस्था आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक आपली माणसे घेऊन तेथे उपचारासाठी येतात, त्या शहरात तर नाहीच नाही. येथे मला पुन्हा माझ्या व्यवसायानेच वाट दाखविली. १९१२ साली आपल्या देशात जो कायदा झाला त्याच्या नावातच 'वेडा' हा शब्द होता: भारतीय वेडेपणा अधिनियम. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो रद्द झाला, आणि पुढे २०१७ च्या कायद्याने तोही मागे पडला. आज कोणताही अधिकारी कोणत्याही नागरिकासाठी तो जुना शब्द वापरणार नाही. पण १९१२ चा कायदा राजपत्रात त्याच नावाने, त्याच शब्दांत, जसाचा तसा आहे. कोणी तेथे जाऊन 'वेडा' खोडून 'मनोरुग्ण' लिहिलेले नाही. कायदा रद्द करता येतो. तो मुळात निराळा होता असे दाखविता येत नाही. आमच्या कचेरीतही हाच शिरस्ता आहे. आधीच्या अधिकाऱ्याचा शेरा चुकीचा वाटला तर त्याखाली आपला शेरा लिहावयाचा, सही करावयाची, तारीख घालावयाची. वरचा शेरा खोडावयाचा नाही. खोडला तर तो गुन्हा होतो. मग हेतू कितीही चांगला असो.

हा नियम मी कचेरीत वीस वर्षे पाळला आणि घरच्या कागदावर मोडला. म्हणून दुसऱ्या वर्षी मंडळींपुढे एक नवी सूचना ठेवली आणि ती मान्य झाली. फेरात काय गावयाचे ते गाणाऱ्यांनी ठरवावे. वेडसर नवऱ्याचे गाणे आम्ही आता फेरात गात नाही. त्याऐवजी आमच्यापैकी एकीने रचलेले, बंगळुरातील पाऊस आणि वाहनांच्या रांगा ह्यांच्यावरचे एक गाणे शेवटी होते आणि कट्ट्यावरचा मुलगा त्याला टाळ्या देतो. ते गाणे पुस्तिकेत रचनाकर्तीच्या नावानिशी आणि सालानिशी छापले आहे. जुन्याच्या वेषात ते आणून बसविलेले नाही. आणि पुस्तिकेच्या मागच्या भागात जुनी सोळाही गाणी आहेत, जशी आमच्या आयांनी आणि आज्यांनी सांगितली तशी, कोणाचा पाठ कोणत्या गावचा ह्या नोंदीसह. वेडसर नवऱ्याचेही गाणे तेथे आहे. मुलाच्या आईने ते वाचले आणि राहू द्या म्हणाली. प्रत्येक गाण्याखाली दोन-चार ओळींत त्या काळच्या लग्नाचे वय, कायद्याचे साल, असे काही दिले आहे. इंग्लंडात रोआल्ड डाल ह्यांच्या मुलांच्या पुस्तकांतील शब्द बदलल्याबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये गदारोळ झाला, तेव्हा प्रकाशकांनीही अखेर नव्या पाठाबरोबर जुना पाठही विक्रीस ठेवण्याचे जाहीर केले. मोठ्या प्रकाशनसंस्थेला जे सुचले ते आमच्या चाळीस प्रतींच्या पुस्तिकेलाही सुचले, ह्यात आमचा विशेष मोठेपणा नाही. दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ते सुचावयास हवे.

गेल्या वर्षी भोंडल्याच्या आदल्या दिवशी माझी अकरा वर्षांची मुलगी ती मागची पाने वाचीत बसली होती. रुसलेल्या सुनेच्या गाण्यापाशी ती थांबली आणि तिने विचारले, "बाबा, तो चाबूक का घेऊन आला?" साडीच्या पुस्तिकेवरून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी तिला तिच्या पणजीचे लग्नाचे वय सांगितले. तिने बोटांवर हिशेब केला, आपल्या वयात एक मिळविला, आणि काही वेळ ती बोलली नाही. मग उठून आजीला फोन लावावयास गेली. पणजीला तो खरोखरच मारीत असे का, हे तिला आजीकडूनच ऐकावयाचे होते.